किल्लारीकडे नवं घर बांधतोय. वडिलांना भक्कम हवं, मला उन्हाळ्यात राहता येईल असं हवं. दोन्ही जमेल का?

तेरणाकाठ:

नमस्कार. मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तीन गुंठ्यांचा प्लॉट घेतलाय, रस्ता पश्चिमेला. हजार-अकराशे चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. चुन्याची फक्की मारून आखणी झालीय, खड्डे अजून खोदलेले नाहीत. म्हणजे बदल करायचा तर आताच.

आधी थोडं घरचं सांगते, त्याशिवाय अडचण कळणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचं गाव गेलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, माणसं गणपती बोळवून दमून झोपली होती. मी सहा वर्षांची होते. आजी आणि धाकटा काका माळवदाखाली गेले. दीड हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढरी माती. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी वर थोडी माती चढवायची, अशी दोन-तीन पिढ्यांची चढलेली माती. त्या रात्रीपासून वडिलांचं एकच वाक्य आहे, "डोक्यावर माती नको." त्यांच्याशी मी या विषयावर कधीच वाद घातला नाही आणि घालणारही नाही.

पुनर्वसनात आम्हाला साडेचारशे चौरस फुटांचं घर मिळालं. भक्कम आहे, एक तडा नाही. पण तीस उन्हाळे त्यात काढल्यावर सांगते, एप्रिल-मेमध्ये तिथे माणूस झोपू शकत नाही. गेल्या वैशाखात रात्री अकराला मी स्टुलावर चढून स्लॅबला खालून हात लावून पाहिला. चूल विझून तास झालेल्या तव्यासारखा लागला. वडील ७२ वर्षांचे आहेत, अंगणात बाज टाकून झोपतात. आई गुडघ्यांमुळे बाहेर झोपू शकत नाही, ती ओली चादर अंगावर घेते. जुन्या घरात दुपारी बारालाही गार वाटायचं, हे तिला अजून आठवतं. साण्यातून, म्हणजे माळवदातल्या झरोक्यातून, उजेडाचा एक पट्टा खाली यायचा तेवढाच, बाकी सावली.

ठेकेदार म्हणतात, "नऊ इंची वीट, पाच इंची स्लॅब, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. गरम झालं तर एसी लावा." कूलर आम्हाला परवडत नाही तो पाण्यामुळे. बोअर मार्चमध्ये आटतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना कूलरमध्ये घागर ओतताना हात आखडतो. आणि एसीचं बिल दर महिन्याला भरायचं तर भावाच्या शिक्षणाचं काय?

माझा प्रश्न एवढाच. वडिलांना शांत झोप लागेल इतकं भक्कम आणि आईला आत झोपता येईल इतकं थंड, असं घर आमच्या बजेटमध्ये होतं का? आणि होत असेल तर ठेकेदाराला कसं पटवायचं?

---

सोलापूरचा_निवृत्त_अभियंता:

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी पस्तीस वर्षं सरकारी बांधकामात काढली, त्यातली दोन वर्षं भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामावर. तेव्हा आमचं सगळं लक्ष घर पुन्हा पडणार नाही ना, यावर होतं. मे महिन्यात माणूस आत कसा राहील, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितो.

वडिलांचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. त्या रात्री माणसं गेली ती वजनाने. इमारत जितकी जड, तितका भूकंपाचा धक्का तिच्यावर जास्त येतो. आता बघा, भाजलेल्या विटेचं वजन घनमीटरला सुमारे १८०० ते १९०० किलो. एएसी ब्लॉक, म्हणजे तो करड्या-पांढऱ्या रंगाचा सच्छिद्र हलका ब्लॉक, घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो. वजन एक तृतीयांश. त्यात कोंडलेली हवा उष्णता अडवते, त्यामुळे आठ इंची ब्लॉकच्या भिंतीतून येणारी उष्णताही नऊ इंची विटेच्या भिंतीच्या सुमारे एक तृतीयांशच असते. वडिलांना हलकं घर हवं, तुम्हाला थंड. या एका ब्लॉकवर दोघांचंही काम होतं.

सांगाडा मात्र आरसीसीचाच करा, कॉलम-बीम नीट, आणि डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. ब्लॉक फक्त मधल्या भिंतींना. दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा हवा आणि भिंत कॉलमला सळईने बांधलेली हवी. यात काटकसर करू नका.

परळीच्या राखेच्या विटा तुमच्याकडे सहज मिळतात, म्हणून कुणी म्हणेल त्याच वापरा. चांगल्या आहेत, मातीची वीट भाजण्यापेक्षा केव्हाही बऱ्या. पण त्या थंड असतात हा गैरसमज आहे. उष्णता त्यातूनही जवळजवळ तेवढीच येते आणि वजनालाही त्या हलक्या नाहीत.

आता छत. एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छतावर पडतं. लातूरला मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, भिंतींना त्या वेळी फारसं ऊन लागत नाही, सगळं स्लॅबवर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर चार इंच कोबा म्हणजे सतरा-अठरा टन वजन, आणि उष्णता अडवण्यात त्याचा उपयोग थोडाच. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खाली सोडतो. तुम्ही हात लावून पाहिलंत ते हेच.

त्याऐवजी स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन इंची एक्सपीएस शीट, म्हणजे उष्णता अडवणारी कडक फोमची शीट, त्यावर दीड-दोन इंच काँक्रीटचा थर आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, जिला आपण चायना मोझॅक म्हणतो. शीट घनमीटरला ३०-३५ किलो, म्हणजे जवळजवळ वजनच नाही. सगळं धरूनही कोब्यापेक्षा भार कमीच येतो.

शीट वरूनच टाका, खालून नको. बरेच जण स्लॅब तापू देतात आणि खाली पीओपीचं छत करतात. मग स्लॅब वर भाजतच राहतो, पसरतो-आकुंचतो, आणि काही वर्षांनी गळायला लागतो. वरून झाकला तर तो जाड स्लॅब घराच्या आतल्या बाजूचा होतो, पहाटेचा गारवा धरून ठेवतो. जुन्या माळवदाचं हेच होतं. माती उष्णता अडवायचीही आणि साठवायचीही. आपल्याला ती माती नको, तिचं काम हवं.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छताची यू-किंमत, म्हणजे छतातून उष्णता किती वेगाने आत येते तिचं माप, जास्तीत जास्त १.२ ठरवलीय. उघड्या स्लॅबची तिनाच्या वर जाते. मी सांगितलेल्या छताची ०.५ च्या आसपास येते. पण ही संहिता लिहिली गेली ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी. म्हणजे पाच गुंठ्यांच्या आतलं घर तिच्यात बसतच नाही. मराठवाड्यातली किती घरं पाच गुंठ्यांवर उभी राहतात? राज्याला ही मर्यादा खाली आणता येते आणि ती आणायला हवी, हे मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बैठकीत बोललो. राज्याच्या बांधकाम नियमावलीत, यूडीसीपीआरमध्ये, हरित इमारतींना ३, ५ आणि ७ टक्के जादा चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची मुभा आहे, पण एकमजली घर बांधणाऱ्याला जादा चटई क्षेत्र घेऊन काय करायचं? त्याला बांधकाम परवान्याच्या शुल्कात सूट द्या, छताच्या शीटला अनुदान द्या, मग बघा.

पश्चिम बाजूबद्दल वेगळं लिहितो, आता हात दुखला.

---

उमरग्याचा_गवंडी:

नमस्कार ताई. साहेबांनी सांगितलं ते खरं हाय. ठेकेदार नको का म्हणतो ते मी सांगतो, कारण मी पण सुरुवातीला नकोच म्हणायचो.

आमचा हात विटेवर बसलेला. ब्लॉकला जाड माल चालत नाही, पातळ जॉइंट लागतो, त्याची दातेरी थापी वेगळी. पहिल्या घराला मी विटेसारखा पाऊण इंच माल लावला आणि विटेसारखेच ब्लॉक पाण्यात भिजवले. सहा महिन्यांत गिलाव्याला जाळ्यासारखे तडे. मालकाने पैसे अडवले. त्यांचं चुकलं नाही, माझं चुकलं.

मग शिकलो. ब्लॉक भिजवायचा नाही, नुसता ओल्या फडक्याने पुसायचा. जॉइंटचा तयार माल गोणीत मिळतो, इंचाचा आठवा भाग पुरे. त्याला पाणी मारत बसावं लागत नाही, तुमच्या बोअरला तेवढा आधार. पाणी फक्त गिलाव्याला. जिथं कॉलम आणि ब्लॉक भेटतात तिथं गिलाव्याआधी जाळी मारायचीच. लाइटच्या पाइपाला छिन्नी-हातोड्याने झिरी पाडू देऊ नका, कटर लावायला सांगा. वायरमन ऐकत नाही, तिथं उभं राहावं लागतं. आणि पंख्याचा किंवा कपाटाचा जड हूक भिंतीत कुठं येणार ते आधी ठरवा, साधा खिळा ब्लॉकमध्ये धरत नाही.

ठेकेदाराचा दर चौरस फुटावर असतो. त्याला नवीन काम म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे तोटा. म्हणून तोंडी बोलू नका. करारनाम्यात लिहून घ्या: भिंत कशाची, किती इंची, छतावर कोणती शीट, किती जाडीची, जाळी कुठं कुठं. कागदावर आलं की तो भाव धरतो आणि मग कुरकुर करत नाही. शीट टाकताना तुम्ही किंवा वडील गच्चीवर थांबा. दोन शीटमध्ये फट राहिली तर ऊन तिथूनच उतरतं.

---

निलंग्याची_माय:

सगळं वाचलं. आमचं घरकुल आहे, २६९ चौरस फूट, १ लाख २० हजारांतलं. स्लॅबला पैसे पुरले नाहीत, वर पत्रा आहे. आमच्यासाठी कुणी काही सांगेल का? पोरगी दहावीला आहे. दुपारी पत्र्याखाली बसून अभ्यास करते, वहीवर घाम टपकतो, अक्षरं फुटतात. मार्चमध्ये तिची परीक्षा.

---

सोलापूरचा_निवृत्त_अभियंता:

ताई, तुमचा प्रश्न आधी. पत्र्याला बाहेरून चुना द्या. चांगला कळीचा चुना भिजवून, वस्त्रगाळ करून, त्यात थोडा डिंक घाला म्हणजे पहिल्या पावसात धुऊन जाणार नाही. पत्रा आधी घासून धुळीचा कण न् कण काढा, मग दोन हात, मधे पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यानंतर दरवर्षी पुन्हा. बाजारात कूल रूफचा पांढरा रंग मिळतो, तो महाग पण टिकतो. पत्र्याच्या खाली हातभर अंतर सोडून बांबूची किंवा तुराट्यांची ताटी बांधा, मधली गरम हवा निघून जायला दोन्ही त्रिकोणी भिंतींना वर झरोके ठेवा. पांढऱ्या रंगापेक्षा ही ताटी आणि झरोके जास्त काम करतात असा माझा अनुभव, दोन्ही केलं तर उत्तम. पत्र्यावर चढताना मात्र खालच्या अँगलच्या रेषेवरच पाय द्या, आणि एकटीने चढू नका.

आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण काढलं. पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छतं थंड करायचं ठरवलं. देगलूर ओलांडलं की तेलंगणा. ऊन इकडे तेच, तिकडे तेच. आपल्याकडे घरकुलाच्या हप्त्यासोबत एका पोत्याचा चुना आणि एक ब्रश द्यायला कुणाची हरकत असावी? ग्रामसभेत हा ठराव मांडा, मसुदा मी लिहून देतो.

आता तेरणाकाठ ताई, तुमची पश्चिम बाजू. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन तिथे आडवं येतं, छज्जा त्याला अडवू शकत नाही. म्हणून जिना, बाथरूम, संडास, कोठीची खोली पश्चिमेला घ्या. तिथल्या खिडक्या लहान ठेवा. दक्षिणेला मात्र दोन फुटांचा छज्जा पुरतो. एप्रिलमध्ये सूर्य उंच असतो, काचेवर ऊन पडतच नाही, आणि डिसेंबरात खाली उतरला की आईच्या गुडघ्यांना कोवळं ऊन मिळतं.

घरातली मोठी माणसं नैर्ऋत्येची खोली मागतात, वास्तुशास्त्रात तसं सांगितलं म्हणून. आपल्या भागात संध्याकाळी सगळ्यात तापलेला कोपरा तोच. वडिलांची श्रद्धा असेल तर खोली तिथेच द्या, वाद नको, पण त्या भिंतीच्या बाहेर दहा फुटांवर कडुनिंब आजच लावा. घर पुरं होईपर्यंत तो माणसाच्या उंचीचा होतो. तोवर बांबूचा तट्टा.

खिडक्यांचं एक सांगायचं राहिलं. उष्ण कोरड्या भागात फरशीच्या क्षेत्राच्या १० टक्के तरी उघडणारी खिडकी हवी. तुमच्या घराला शंभर-एकशेदहा चौरस फूट. सरकती खिडकी अर्धीच उघडते, ती अर्धीच मोजा. म्हणून बाहेर उघडणारी झडप घ्या. समोरासमोरच्या भिंतींना, आणि वर छताजवळ झरोके. सकाळी नऊनंतर सगळं बंद, दिवस मावळल्यावर सगळं उघडं. पंखे बीएलडीसी घ्या, साधा पंखा ७०-७५ वॅट खातो, हा तिशीच्या आसपास.

सोलरचं सगळे आधी विचारतात. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, जरूर घ्या. पण घर थंड झाल्यावर. आधी सोलर आणि मग दोन एसी, असं करणारी घरं मी बघितलीत, बिल होतं तिथेच राहिलं. गच्चीवर दक्षिणेकडे पॅनेलची जागा सोडा आणि पाइप आताच टाकून ठेवा.

---

नागपूरहून_वहिनी:

आमच्याकडे ब्लॉकच्या भिंती आहेत, सात वर्षं झाली. मेमध्ये दुपारी घर बंद ठेवलं की दोन पंख्यांवर निभतं, रात्री दहानंतर खिडक्या उघडतो. आम्ही छतावर शीट टाकली नव्हती, पैसे वाचवले. वरच्या खोलीत आजही मेमध्ये कुणी बसत नाही. पुन्हा बांधायचं झालं तर मी टाइल्स स्वस्तातल्या घेईन पण छत सोडणार नाही. ताई, शीट पहिल्या यादीत टाका, किचन ट्रॉली शेवटच्या.

---

तेरणाकाठ:

तीन महिन्यांनी लिहितेय, माफ करा.

औशाला एका साइटवर जाऊन दोन ब्लॉक मागून आणले. एक अंगणात ठेवला, शेजारी जुनी वीट. वडिलांना काही समजावलं नाही. ते बराच वेळ बाजेवर बसून बघत होते. मग उठले, ब्लॉक दोन्ही हातांनी उचलला, एवढा मोठा आणि इतका हलका म्हणून पुन्हा खाली ठेवून परत उचलला. बोटाने वास घेतल्यासारखा चोळला. म्हणाले, "ही माती नाही ना?" मी म्हटलं, "नाही. राख, चुना, सिमेंट. आत हवा आहे." मग त्यांनी तो पायाशी घेतला आणि विचारलं, "आणि हे वरून पडलं तर?"

साहेबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. सांगाडा काँक्रीटचा, भिंत सळईने बांधलेली, वरचं वजन कमी. कोब्याचा सतरा टनांचा हिशेब मी वहीवर करून दाखवला. ते शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण वजनाचं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आजीवरची माती त्यांनी स्वतःच्या हातांनी उपसली होती. वही त्यांनी दोनदा बघितली आणि म्हणाले, "कोबा नको."

आईने एकच मागणं केलं, साणं. आता माळवद नाही तर साणं कुठलं, पण इंजिनिअरने स्वयंपाकघरात छताजवळ जाळीचा झरोका काढून दिलाय, उत्तरेला. उजेडाचा पट्टा पडेल की नाही ते बांधल्यावर कळेल.

जिना आणि बाथरूम पश्चिमेला सरकवले. नैर्ऋत्येची खोली वडिलांनी स्वतःच सोडली, "तिथं कोठी करा, ज्वारीला उन्हाचं काही नाही" म्हणाले. कडुनिंब दोन लावले. करारनाम्यात सगळं लिहून घेतलं, गवंडीदादांचं जाळीचं आणि कटरचं वाक्य जसंच्या तसं. ठेकेदारांनी चौरस फुटामागे थोडा दर वाढवून मागितला. तो आम्ही दर्शनी भिंतीची दगडी टाइल रद्द करून भरून काढला.

निलंग्याच्या ताई, चुना दिलात का? लेकीची परीक्षा कशी चाललीय ते कळवा.

आणि आता एक अडचण. शीट लातूरला एकाच दुकानात मिळाली आणि तो म्हणतो दीड इंची घ्या, दोन इंची मागवायला पंधरा दिवस. स्लॅबची तारीख पुढच्या गुरुवारी. थांबू की दीड इंची घेऊ?

---

सोलापूरचा_निवृत्त_अभियंता:

ताई, स्लॅब गुरुवारी टाका. शीट लगेच लागतच नाही. स्लॅबवर आळी बांधून पाणी तुंबवून ठेवायचं, ते दिवस, मग वॉटरप्रूफिंग आणि त्याची गळती-चाचणी. पंधरा दिवस त्यातच जातात. दोन इंचीच मागवा, आगाऊ पैसे भरून पावती घ्या. आणि शीट आली की सावलीत ठेवा, उन्हात उघडी पडली तर तिचा वरचा थर भुकटी होतो.